वैल, हारा आणि निखारा : मांसपाकाच्या लेखनातील काळ, इंधन आणि भूतकाळ

१. तुलनेचा घटक कोणता?

अन्नविषयक लेखनाचा तौलनिक विचार होतो तेव्हा तुलनेचा घटक म्हणून बहुधा पदार्थच घेतला जातो. एका बाजूस कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा, दुसऱ्या बाजूस पंजाबची तंदूर. एकीकडे सुके खोबरे, दुसरीकडे दही व आले. अशा तुलनेतून दोन प्रांतांच्या चवींची यादी हाती येते, परंतु ज्या लेखनातून त्या चवी आपल्यापर्यंत पोहोचतात त्या लेखनाविषयी फारसे काही कळत नाही. मांस भाजणे आणि मांस मंद आचेवर शिजविणे या दोन घरगुती क्रियांचे वाङ्मयीन रूप पाहू लागल्यास ही मर्यादा विशेष जाणवते. कारण या क्रियांत निर्णायक ठरतात त्या दोन गोष्टी, इंधन आणि वेळ. दोन्ही पदार्थाच्या नावात दिसत नाहीत, आणि पुष्कळदा पाककृतीच्या मजकुरातही नसतात.

चंदीगड हे या चर्चेसाठी सोयीचे स्थान आहे. मराठी वाचकाच्या मनात ‘पंजाबी मांसाहार म्हणजे तंदूर’ हे समीकरण दृढ आहे. परंतु पंजाबी गावातील तंदूर मुख्यतः रोटीसाठी होती. ‘सांझा चूल्हा’ म्हणून ओळखली जाणारी सामायिक भट्टी ही भाकर भाजण्याची जागा होती. तंदुरी मुर्गीला अखिल भारतीय प्रतिष्ठा मिळाली ती फाळणीनंतर, पेशावरहून दिल्लीत आलेल्या उपाहारगृहांच्या व्यवसायातून. त्याच व्यवसायातून पुढे आलेल्या बटर चिकन व दाल मखनी यांच्या श्रेयाचा वाद २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. घरातील मांस शिजत होते ते पातेल्यात. म्हणजे ज्या प्रतिमेच्या आधारे तुलना सुरू होते ती प्रतिमाच घराची नसून बाजाराची आहे. प्रस्तुत निबंधात म्हणून पदार्थाऐवजी अग्नी आणि काळ हे तुलनेचे घटक मानले असून, मांसपाकाच्या विधानात्मक ग्रंथांपासून दलित आत्मकथनांपर्यंतच्या काही लेखनरूपांचा त्या दृष्टीने विचार केला आहे.

२. क्रियापदांची विभागणी

प्रथम भाषेची साक्ष पाहणे इष्ट ठरेल. मराठीत कोरड्या अग्नीवर होते ते ‘भाजणे’, स्निग्ध पदार्थात उलथ्याने होते ते ‘परतणे’, आणि निखाऱ्याच्या किंवा तव्याच्या धगीने हलके होते ते ‘शेकणे’. हिंदीतील ‘भूनना’ आणि पंजाबीतील ‘भुन्नणा’ ही क्रियापदे यांपैकी पहिल्या दोन्ही क्रिया आपल्या पोटात घेतात. पंजाबी घरात मटण ‘भुन्नले’ जाते याचा अर्थ ते निखाऱ्यावर भाजले जाते असा नव्हे. कांदा, आले, लसूण व मांस तुपातेलात सतत हलवत, तेल सुटेपर्यंत परतले जाते, असा आहे. या क्रियापदासाठी भाषांतरकाराने ‘भाजणे’ हा शब्द वापरला की चुलीवरचे पातेले नाहीसे होते आणि त्याच्या जागी भट्टी येते. ‘तरी’ या शब्दाचीही गत अशीच आहे. पंजाबीत तो संपूर्ण रश्श्याचा वाचक आहे. नागपूरकडील ‘तर्री’ म्हणजे मात्र रश्श्यावर तरंगणारा लाल तेलाचा थर.

हा भेद केवळ शब्दकोशातला नाही. त्यामागे क्रियेचा क्रम आहे. महाराष्ट्रातील अनेक घरांत मटण प्रथम हळद-मीठ लावून शिजविले जाते. त्या पहिल्या पाण्याला कोल्हापूर-सोलापूरकडे ‘अळणी’ म्हणतात आणि ते मुलांना व आजाऱ्यांना आधी दिले जाते. पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतण्याची रीतही सर्वपरिचित आहे. आतील वाफ ताटाला लागून पुन्हा पातेल्यात उतरते, मांस आपल्याच रसात शिजते, आणि ताटातले तापलेले पाणी पुढे रश्श्यासाठी उपयोगी पडते. एकाच जाळावर दोन कामे होतात. भाजण्याची क्रिया या पद्धतीत आहेच, पण ती मांसावर होत नाही. कांदा आणि सुक्या खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर खरपूस भाजली जाते आणि तिचे वाटण शिजलेल्या मांसात मिसळले जाते. धुराचा व करपटपणाचा गंध मांसाला वाटणाच्या वाटेने मिळतो. पंजाबी पद्धतीत तो परतण्यातून, म्हणजे तुपातेलाच्या वाटेने मिळतो.

येथे एक प्रश्न उद्भवतो. ज्या घरात खोबरेही नाही आणि तेलही नाही, तेथे भाजल्याचा स्वाद कुठून येतो? तेथे मांसच निखाऱ्यावर जाते, किंवा मराठवाड्यातील येसुराप्रमाणे भाजलेल्या धान्य-मसाल्याची पूड रश्श्याला दाटपणा व खमंगपणा देते. भाजण्याचे स्थान मांसाकडून वाटणाकडे सरकणे हे या अर्थी संपन्नतेचे चिन्ह आहे. चवीच्या इतिहासात मालमत्तेचा इतिहास असा दडलेला असतो.

मंद आचेसाठीही दोन्ही भाषांत स्वतंत्र स्थानवाचक शब्द आहेत. मराठी चुलीला लागून असलेला ‘वैल’ हा मुख्य जाळातून आलेल्या उरलेल्या उष्णतेवर चालतो. पंजाब-हरियाणातील ‘हारा’ हे मातीचे उभे पात्र असून त्यात गोवऱ्यांच्या धुमसत्या आचेवर दूध, डाळ किंवा साग दिवसभर राहते. वैल हा चुलीचा आश्रित आहे. हारा स्वतंत्र आहे. वैलाला स्वतःचे इंधन लागत नाही, हाऱ्याला गोवऱ्यांचा साठा लागतो, म्हणजेच दावणीला जनावरे लागतात. फारसीतून आलेला ‘दम’ मात्र दोन्हीकडे आहे. मूळ अर्थ श्वास. स्वयंपाकात कोंडलेली वाफ. आणि मराठीत त्याखेरीज धीर व धाक असे दोन अर्थ. ‘दमाने घ्या’ आणि ‘दम दिला’ हे दोन प्रयोग एकाच शब्दातून निघावेत यात मंद आचेचे समाजशास्त्र नकळत नोंदले गेले आहे. एकाने दमाने घ्यायचे तर दुसऱ्या कुणाला तरी चुलीपाशी बसवून ठेवावे लागते.

३. विध्यर्थ आणि अदृश्य कर्ता

विधानात्मक पाकग्रंथांची परंपरा पाहताना चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथापासून आरंभ करणे योग्य होईल. इ. स. ११३० च्या सुमाराचा हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे तो त्यातील संगीतविषयक भागात आलेल्या आरंभीच्या मराठी पद्यखंडांमुळे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेने १९२५ पासून तो खंडशः प्रसिद्ध केला. त्याच्या ‘अन्नभोग’ प्रकरणात मांस भाजण्याच्या क्रिया विलक्षण तपशिलाने येतात. डुकराचे केस काढण्यासाठी त्यावर उकळते पाणी ओतणे किंवा ते गवताच्या जाळावर धरणे, तुकडे शूलावर ओवून निखाऱ्यावर भाजणे, यकृताचे प्रकार, आतड्यांत भरून केलेले प्रकार, इतकेच नव्हे तर नदीकाठच्या उंदरांचीही पाककृती त्यात आहे.

या अखेरच्या तपशिलाकडे कुतूहल म्हणून पाहण्याची रीत आहे. तौलनिक दृष्टीने मात्र तो महत्त्वाचा ठरतो. बिहारमधील ‘मुसहर’ या जातिनामाची लोकप्रचलित फोड उंदीर खाण्याशीच जोडली जाते. एकच प्राणी, एकच अग्निक्रिया. राजाच्या ग्रंथात तो ‘भोग’ होतो आणि अन्यत्र तोच एका समाजाला हीन ठरविणारे नाव होतो. पदार्थ हा तुलनेचा घटक अपुरा का पडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

मुद्रणयुगात रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्र’ (१८७५) पासून मराठी पाकग्रंथ सुरू होतात आणि १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ प्रसिद्ध होते. पाठारे प्रभू समाजाच्या समृद्ध मांस-मत्स्य परंपरेला या पुस्तकामुळे मराठी गद्याचे घर मिळाले. पंजाबच्या बाजूस पाहिले असता एक लक्षणीय विषमता दिसते. पंजाबी घरातील मांसपाकाचे सर्वाधिक प्रतिष्ठित पुस्तक, श्रीमती बलबीर सिंग यांचे ‘इंडियन कुकरी’, १९६१ मध्ये लंडनहून आणि इंग्रजीतून निघाले. मराठी गृहिणीला तिच्या भाषेत पाकग्रंथ मिळाला तो मुंबईच्या मध्यमवर्गाच्या घडणीबरोबर. पंजाबी स्वयंपाक असा मान्यता पावला तो फाळणीनंतर, दिल्लीच्या नव्या वाचकवर्गासाठी, आणि ‘भारतीय’ या व्यापक नावाखाली. प्रादेशिकतेचा उच्चार एका परंपरेत शीर्षकाच्या भाषेतूनच होतो, दुसरीत तो राष्ट्रीयतेत विरघळतो.

काळ आणि भाषा वेगळी असली तरी या ग्रंथांचे व्याकरण मात्र समान आहे. मराठी पाककृती विध्यर्थात चालते: घालावे, ढवळावे, मंद आचेवर ठेवावे. ‘घालावे’ या रूपात कर्ता सांगावा लागत नाही. ‘मंद आचेवर ठेवावे’ असे म्हटले की लाकूड कोणी फोडले, गोवरी कोणी थापली, जाळ मागे कोणी ओढला, फुंकणीने डोळे कोणाचे चुरचुरले, हे प्रश्न वाक्यातून वगळले जातात. मंद आच ही जणू निसर्गाची अवस्था असल्याप्रमाणे येते. वस्तुतः लाकडाच्या चुलीवर जाळ मोठा करणे सोपे आणि तो तीन तास बारीक ठेवणे कठीण. त्यासाठी एक माणूस चुलीपाशी अडकून राहतो. विध्यर्थ ही केवळ शैली नव्हे, तर श्रम अदृश्य करण्याची युक्ती आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

या अदृश्यतेला एक अपवाद स्थळाच्या रूपाने दिसतो. महाराष्ट्रातील अनेक माळकरी वा शाकाहारी स्त्रियांच्या घरांत मटणाची चूल परसात, भांडी निराळी, आणि रांधणारा पुरुष असे चित्र असे; पंजाबी घरांतही हे चित्र अनोळखी नाही. जत्रेतील मटण व रायगड जिल्ह्यातील हिवाळी ‘पोपटी’ ही त्याचीच सार्वजनिक रूपे. पोपटीत मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरून वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरतात, तोंड पाल्याने बंद करून मडके उपडे घालतात आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करतात. थेंबभर पाणी किंवा तेल न घालता सारे आतल्या वाफेवर शिजते. घराबाहेरचा असा अग्नी पुरुषाचा आणि उत्सवाचा, म्हणून त्याचे वर्णन होते. घरातला अग्नी स्त्रीचा आणि रोजचा, म्हणून तो विध्यर्थात लपतो.

४. जेव्हा इंधन मजकुरात येते

दलित आत्मकथनांत हे व्याकरण मोडते. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) किंवा बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) ही पाकग्रंथ नव्हेत. परंतु मांसाच्या वाटणीचे, भाजण्याचे आणि साठवणीचे तपशील त्यांत आहेत, आणि त्या तपशिलांना कर्ता आहे. क्रियापद विध्यर्थ सोडून भूतकाळात येते. ‘मंद आच’ ही संज्ञा येथे जवळजवळ अनुपस्थित असते, कारण मंद आचेला लागणारे इंधन आणि सवड या दोन्ही गोष्टी गावकुसाबाहेर सहजासहजी मिळत नव्हत्या. जे मिळत होते ते ऊन. मांसाचे लांब पट्टे कापून, दोरीवर वाळवून केलेल्या ‘चान्या’ महिनोन्‌महिने टिकत आणि लागेल तशा निखाऱ्यावर भाजून खाल्ल्या जात. हाही मंद पाकच आहे. त्यातील मंदपणा सूर्याचा आहे आणि अग्नी केवळ शेवटच्या काही क्षणांचा. वाळवणे ही इंधन न जाळता केलेली दीर्घ पाकक्रिया आहे, आणि तिची जागा वैल किंवा हारा यांच्या पंक्तीत आहे, एवढे मान्य केले तरी ‘मंद पाक म्हणजे खानदानी पाक’ हा समज डळमळू लागतो.

या संदर्भात ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या ‘जूठन’ (१९९७) या हिंदी आत्मकथनाची आठवण अपरिहार्य आहे. तेथे लग्नाच्या पंगतीतील उष्ट्या पुऱ्यांचे तुकडे खाटेवर वाळवले जातात आणि पावसाळ्यात ते उकळून खाल्ले जातात. एकीकडे मांस, दुसरीकडे उष्टे. पण वाळवणे आणि दुर्दिनासाठी राखणे ही क्रिया एकच. पंजाबीतील बलबीर माधोपुरी यांच्या आत्मकथनाचे ‘छांग्या रुख’ (२००२) हे शीर्षकही येथे बोलके ठरते. फांद्या छाटून नेलेले झाड असा त्याचा अर्थ. झाडाच्या फांद्या कोणाच्या चुलीत आणि कोणाच्या गोठ्यात जातात, हा प्रश्न त्या प्रतिमेत गृहीत आहे. मराठी, हिंदी व पंजाबी दलित लेखनाची तुलना ‘वेदना’ या एकाच सूत्रावर करण्याऐवजी इंधन, ऊन आणि साठवण या सूत्रांवर केल्यास अधिक मूर्त निष्कर्ष हाती येण्याचा संभव आहे.

शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हे पुस्तक या दोन लेखनरूपांच्या सीमेवर उभे आहे. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यव्यवहाराची नोंद करणारा हा ग्रंथ भोजनारंभीच्या श्लोकातील ‘पूर्णब्रह्म’ या संकल्पनेला एका उपसर्गाने आव्हान देतो. त्यात पाककृती आहेत, पण त्या एकट्या येत नाहीत. पदार्थासोबत तो कोणाच्या वाट्याला, कोणत्या ऋतूत, कोणत्या कारणाने आला हेही येते. तेल, तूप, दूध यांचे दुर्भिक्ष हा त्यातील पाकशास्त्राचा पाया आहे. विध्यर्थ आणि आत्मकथनाचा भूतकाळ यांची सरमिसळ हे या पुस्तकाचे खरे रूपवैशिष्ट्य होय. भूषण कोरगावकर यांच्या भाषांतराने ते २०२४ मध्ये इंग्रजीत गेले. मूळ नावातील ‘अपूर्ण’ तेथे मुख्य शीर्षकात उरत नाही. त्या जागी मराठवाड्यातील दलित स्वयंपाकघरांचा निर्देश येतो. श्लोकाशी असलेले भांडण मागे पडून प्रदेशाची ओळख पुढे येते. हा भाषांतरकाराचा दोष नव्हे. श्लोक माहीत नसलेल्या वाचकासमोर भांडण उभेच राहू शकत नाही. परंतु तौलनिक अभ्यासकाने हा बदल नोंदविला पाहिजे.

५. नियोजित नगर आणि शिट्टीचा काळ

चंदीगड येथे पुन्हा उपयोगी पडते. १९५१ नंतर ल कॉर्ब्यूझिए यांच्या आराखड्यानुसार उभ्या राहिलेल्या या नगरात मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि पिएर जाँनरे यांनी शासकीय निवासांचे वेतनश्रेणीनुसार तेरा प्रकार आखले. घराचा आकार वेतनावरून ठरला, जातीवरून नव्हे; हे त्या आराखड्याचे आधुनिकपण. परंतु सेक्टरातील घरात गोवऱ्यांचा ढीग, दावण आणि हारा यांना जागा उरत नाही. नगराने पोटात घेतलेल्या बुडैल, अटावा यांसारख्या गावांपुरता जुना अग्नी काही काळ टिकला असणार. एरवी तंदूर बाजारात गेली आणि घरात गॅस आला.

याच सुमारास, १९५९ मध्ये, हॉकिन्स व प्रेस्टीज या दोन्ही नावांचे प्रेशर कुकर भारतात तयार होऊ लागले, आणि मांस शिजण्याचे एक नवे परिमाण मराठी व पंजाबी दोन्ही घरांत रूढ झाले: शिट्टी. ‘मटणाला किती शिट्ट्या?’ या प्रश्नात काळ प्रथमच मोजण्याजोगा व सर्वांना ऐकू येण्याजोगा झाला. मंद आचेचे ज्ञान बोटांत, नाकात आणि अनुभवात होते. शिट्टीचे ज्ञान कुणालाही सांगता येते. त्यातून स्वयंपाकीण चुलीपासून सुटली, हे विसरून चालणार नाही.

म्हणूनच अलीकडे महामार्गांवरील ‘चुलीवरचे मटण’ या पाट्या किंवा पर्यटकांसाठी मांडल्या जाणाऱ्या पोपट्या यांकडे निव्वळ परंपरेचे पुनरुज्जीवन म्हणून पाहता येत नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली ती चुलीचा धूर स्त्रीच्या आरोग्यास घातक आहे या भूमिकेवर. त्याच काळात तोच धूर चवीची हमी म्हणून विकला जात होता. मंदपणा हे मूल्य ठरते ते तो सक्तीचा राहिला नाही तेव्हा, आणि ज्याच्यासाठी सक्तीचा राहिला नाही त्याच्याच लेखी.

६. दोन भूतकाळ

या विवेचनातून समीक्षेपुढे जो प्रश्न उभा राहतो तो व्याकरणाचा असून त्याच वेळी न्यायाचाही आहे. दलित खाद्यस्मृतीतील भूतकाळ एकाच प्रकारचा नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. त्या आवाहनानंतर ज्यांनी ते सोडले त्यांच्या लेखनातील ‘आम्ही खात होतो’ हे विधान आत्मसन्मानाच्या निर्णयाचे विधान आहे. मार्च २०१५ मध्ये, १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमातील १९९५ ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीने अमलात आली आणि गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यानंतरचा ‘खात होतो’ हा भूतकाळ बाहेरून लादलेला आहे. पंजाबात गोवधबंदीचा कायदा १९५५ पासूनच होता, त्यामुळे तेथील स्मृतीत दुसऱ्या प्रकारच्या भूतकाळाचा आरंभ दोन पिढ्या आधीचा ठरतो. पाटोळे यांचे पुस्तक आणि महाराष्ट्रातील बंदी यांचे वर्ष एकच असावे हा योगायोग असेल. वाचनावर त्याचा परिणाम मात्र टळत नाही. पाककृती म्हणून लिहिलेला मजकूर त्या वर्षापासून अंशतः दस्तऐवज म्हणून वाचला जाऊ लागतो.

स्वेच्छेने सोडलेले आणि हिरावून घेतलेले, या दोहोंना ‘लोप पावलेली खाद्यसंस्कृती’ या एकाच शब्दप्रयोगाखाली घालणे ही समीक्षेची मोठी चूक ठरेल. पहिल्या प्रकारात हळहळ व्यक्त करणे म्हणजे त्या निर्णयाचा अवमान करणे होय. दुसऱ्या प्रकारात अभिनंदन करणे म्हणजे सक्तीला सुधारणेचे नाव देणे होय. मजकुरातील क्रियापदाचा काळ, कर्त्याची उपस्थिती आणि इंधनाचा उल्लेख ही तीन लक्षणे तपासली असता हा भेद बहुतेक ठिकाणी स्पष्ट होतो, आणि जेथे तो होत नाही तेथे त्या संदिग्धतेचाच अभ्यास करावा लागतो.

विद्यापीठीय अभ्यासक्रमांत आजही ‘मानसोल्लास’ संस्कृतीच्या इतिहासात, ‘गृहिणी-मित्र’ फार तर स्त्री-अभ्यासात आणि ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ समाजशास्त्रात वाचले जाते. तिन्ही ग्रंथ एकाच क्रियेविषयी, अग्नीवर ठेवलेल्या मांसाविषयी बोलतात. पण ते एकमेकांशेजारी ठेवले जात नाहीत. ते शेजारी ठेवून, त्यांच्या जोडीला पंजाबी व हिंदी लेखन घेऊन वाचणे हे तौलनिक साहित्याचे काम आहे. राजाच्या निखाऱ्यावर काय भाजले जात होते याची नोंद नऊशे वर्षे टिकली. गावकुसाबाहेरच्या निखाऱ्याची नोंद मराठीत सविस्तर होऊ लागली त्याला अद्याप अर्धशतकही झालेले नाही, आणि ती करणाऱ्यांना क्रियापद भूतकाळात घ्यावे लागले आहे. वाचताना त्या काळाचे कारण विचारले गेले नाही, तर त्यांनी सांगितलेला निम्मा अर्थ वाचकापर्यंत पोहोचणारच नाही.